दहा मिनिटांचा उतारा

सांगली येथील एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची नात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथे राहते. २०१९ च्या वसंत ऋतूत ती छात्राध्यापिका होती. विद्यापीठातील अभ्यासक्रम संपत आला होता, एका शाळेत नववीच्या वर्गाला ती विज्ञान शिकवीत होती, आणि शिक्षकी पेशाचा परवाना हाती येण्यापूर्वी एकच मोठा टप्पा उरला होता. त्या टप्प्याचे नाव एडटीपीए.

आपल्याकडे छात्राध्यापकाचा पाठ पाहावयास परीक्षक वर्गात येतात, मागच्या बाकावर बसतात आणि निरीक्षण वहीत शेरे लिहितात. एडटीपीएमध्ये परीक्षक वर्गात पाऊलही ठेवीत नाही. उमेदवाराने तीन ते पाच तासिकांचा सलग घटक शिकवावयाचा, त्याचे चित्रीकरण करावयाचे, त्यातून ठरावीक मिनिटांचा भाग निवडावयाचा, आणि पाठाचे नियोजन, विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने व स्वतःचे लेखी भाष्य जोडून सारे इंटरनेटवरून धाडावयाचे. दूर कोठेतरी बसलेला प्रशिक्षित परीक्षक ते पाहतो, वाचतो आणि गुण देतो. नियोजन, अध्यापन आणि मूल्यमापन असे त्याचे तीन भाग. बहुतेक विषयांना एकूण १५ निकष आणि प्रत्येकास १ ते ५ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ७५. शुल्क ३०० डॉलर. विद्यार्थीदशेतील मुलीला ही रक्कम लहान नसते.

ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने तयार केली. २०१३ पासून ती प्रत्यक्ष व्यवहारात आली आणि ती चालविण्याचे काम पिअर्सन या कंपनीकडे गेले. आपल्याकडील बी.एड. झालेल्या वाचकांना स्टॅनफर्डचे नाव वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटेल. ‘सूक्ष्म अध्यापन’ ही पद्धत याच विद्यापीठात १९६० च्या दशकात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली, आणि तिच्या मुळाशीही चित्रफीतच होती. छात्राध्यापकाने काही मिनिटे शिकवावयाचे, स्वतःची फीत पाहावयाची, आणि तेच पुन्हा शिकवावयाचे. भारतात ती पद्धत आली तेव्हा चित्रीकरणाची साधने महाविद्यालयांकडे नव्हती. तेव्हा कॅमेऱ्याच्या जागी सहाध्यायी बसले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र अनेकांनी पाठ केलेले असेल. तेथे फीत होती ती सुधारण्यासाठी. येथे ती निकालासाठी आहे, आणि हा फरक मोठा आहे.

नातीच्या विषयासाठी दोन फिती द्यावयाच्या होत्या, प्रत्येकी दहा मिनिटांपर्यंत. वर्गाची तासिका ४४ मिनिटांची. म्हणजे चव्वेचाळिसातून दहा निवडावयाची. फितीची सुरुवात आणि शेवट कोठेही कापण्याची मोकळीक होती, परंतु एकदा फीत सुरू झाली की ती अखंड चालली पाहिजे. मधला एकही तुकडा काढता येत नाही, दोन तुकडे जोडता येत नाहीत, शीर्षके वा संगीत घालता येत नाही.

बँकेच्या व्यवहाराशी परिचय असलेल्यास हा नियम समजावून सांगावा लागत नाही. ग्राहकास आपल्या खात्याचा उतारा कोणत्याही तारखेपासून कोणत्याही तारखेपर्यंत मागता येतो. त्या दोन तारखांमधील एखादी नोंद गाळून मात्र कोणी मागू शकत नाही. तसा उतारा दिला तर तो उताराच राहत नाही. तरीही कर्जासाठी आलेला ग्राहक कधीकधी नेमक्या अशा तारखा निवडतो की परत गेलेला धनादेश एक दिवस अलीकडे राहतो. उतारा खरा असतो, त्यावरील शिक्का खरा असतो. नातीपुढे जो प्रश्न उभा राहिला तो याच जातीचा होता.

पहिल्या फितीने काही त्रास दिला नाही. मुले आलेखावरून निष्कर्ष काढीत होती, सलग आठ मिनिटांचा भाग आपोआप मिळाला. अडचण दुसऱ्या तासिकेची.

त्या तासिकेत लंबकाचा प्रयोग होता. पन्नास सेंटिमीटर दोरी, खाली नटबोल्टच्या लोखंडी चकत्या अडकवलेल्या. एका गटाने एकच चकती अडकवली होती, दुसऱ्याने पाच. दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. एवढ्या लांबीच्या लंबकाला एका पूर्ण झोक्यास सुमारे १.४ सेकंद लागतात, आणि वजन वाढवले म्हणून त्यात फरक पडत नाही. मुलांनी हे स्वतः शोधावे अशी पाठाची योजना होती. फळ्यावरील तक्त्यात मात्र एका चकतीपुढे १४.३ आणि पाच चकत्यांपुढे १३.८ असे आकडे आले.

तासिकेच्या १९ मिनिटे ५० सेकंदांवर एक मुलगा म्हणाला की जड लंबक लवकर झुलतो. २० मिनिटे २६ सेकंदांवर नातीने त्यास विचारले, ‘तक्त्यात हे कोठे दिसते?’ हा प्रश्न तिच्या टाचणात होता. मुलाला तक्त्यात काही सापडणार नाही आणि तो आपले म्हणणे मागे घेईल, असे तिने गृहीत धरले होते. मुलगा उठला, फळ्याशी गेला आणि १३.८ वर बोट ठेवून उभा राहिला. त्याचे बरोबर होते. तक्त्यात ते दिसत होते.

त्यानंतर नऊ सेकंद वर्गात कोणी बोलले नाही. नातही बोलली नाही. फितीत ती खडू हातात धरून फळ्याकडे पाहत उभी दिसते. मग २१ व्या मिनिटाला ती म्हणते, ‘म्हणजे तुझे म्हणणे, जड लंबक लवकर झुलतो, आणि आपले आकडेही तेच सांगतात. पण आपण किती वेळा मोजले?’ एकदाच मोजले होते. मग दोन्ही गटांनी तीन-तीन वेळा मोजावयास घेतले. गोंधळ झाला, टेबले सरकली, २४ व्या मिनिटाला शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून बसच्या वेळेची घोषणा झाली व ती चाळीस सेकंद चालली. अखेरीस एका चकतीचे आकडे आले १४.१, १४.३ आणि १३.९, पाच चकत्यांचे आले १४.२, १३.९ आणि १४.३. सरासरी १४.१ आणि १४.१३. तोच मुलगा ३० मिनिटे २० सेकंदांच्या सुमारास म्हणाला की फरक वजनाचा नाही, घड्याळाचे बटण दाबणाऱ्या बोटाचा आहे.

मुलाच्या पहिल्या वाक्यापासून या वाक्यापर्यंत साडेदहा मिनिटे होत होती. मर्यादा दहाची.

घोषणेची चाळीस सेकंदे काढून टाकली असती तर सारे नीट बसले असते. त्यात शिकवण्याचा काही भाग नव्हताच. पण ती मधली नोंद होती, आणि मधली नोंद गाळता येत नाही.

रविवारी सांगलीस फोन झाला. आजी १९७० च्या दशकात डी.एड. झालेल्या, पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलेल्या. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिल्यावाचून आजही त्यांचा कागद सुरू होत नाही.

‘‘मला पाठव की ती फीत. बघते आणि सांगते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नाही गं आज्जी, पाठवता येत नाही. पोरांच्या आईवडिलांनी फक्त परीक्षेसाठी सही दिलीय. घरी कुणाला दाखवायची नाही, कुठं टाकायची नाही.’’

‘‘मी का कुठं टाकणार आहे?’’

‘‘तू नाही टाकणार. पण नियम सगळ्यांना सारखा.’’

हा नियम खराच काटेकोर आहे, आणि तसाच असावा. फितीत दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती लागते. या वर्गातील तिघांच्या पालकांनी ती दिली नव्हती. ती मुले त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूच्या टेबलावर बसली. त्यांचा तास बुडाला नाही, केवळ चित्रात ती आली नाहीत. शाळेचे वा मुलांचे नाव फितीत येऊ नये, याचीही दक्षता घ्यावयाची असते. तेव्हा नातीने फीत न पाठविता, काय घडले ते मिनिटांसह वाचून दाखविले. मुलाचे नाव तिने तेथेही घेतले नाही.

आजींनी सारे शांतपणे ऐकले. नऊ सेकंदांपाशी त्यांनी थांबविले.

‘‘नऊ सेकंद म्हणजे फार झाले. आमचे गुरुजी तेवढ्यात तीन शेरे लिहायचे.’’

‘‘चुकीचं काही बोलले नाही मी. नुसती उभी राहिले.’’

‘‘तेच लिहितात, बाळ. शिक्षिका गोंधळली.’’ आजींना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या स्वतःच्या एका सरावपाठात पावसावर शिकवीत असता एका मुलाने, समुद्राचे पाणी खारट, मग पाऊस गोड कसा, असे विचारले होते. टाचणात ते नव्हते. त्या क्षणभर थांबल्या, मग उत्तर दिले. निरीक्षण वहीत शेरा आला, ‘पाठ टाचणाबाहेर गेला.’ तो शेरा चाळीसहून अधिक वर्षांनीही त्यांना तोंडपाठ आहे.

‘‘मग असं कर,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तू बोलायला लागलीस तिथून सुरू कर. एकविसाव्या मिनिटापासून. बसतं ना दहात?’’

बसत होते. ३० मिनिटे २३ सेकंदांपर्यंत नऊ मिनिटे तेवीस सेकंद, म्हणजे वर सदतीस सेकंद शिल्लक. नियमाचाही भंग नव्हता, सुरुवात कोठे करावी हे उमेदवाराच्याच हाती असते. नातीनेही हे आधीच मोजून पाहिले होते. दोन रात्री तिच्या संगणकावर तीच फीत, एकविसाव्या मिनिटापासून सुरू होणारी, तयार होऊन पडली होती.

‘‘बसतं गं. पण मग काय होतं बघ. फीत सुरू होते आणि मीच म्हणते, आपण किती वेळा मोजलं. पाहणाऱ्याला वाटणार, आकड्यांतली गोम मी काढली. ती मी नाही काढली, आज्जी. तो फळ्यापाशी जाऊन बोट ठेवून उभा राहिला म्हणून मला सुचलं.’’

फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आजी म्हणाल्या, ‘‘बघ बाई. परवाना तुझा आहे.’’

कापणे या क्रियेकडे सर्वसाधारणपणे तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. येथे कात्री पस्तीस सेकंद अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न होता, आणि दोन्ही बाजूंना नियम सारखाच पाळला जात होता. एका बाजूने शोध शिक्षिकेचा ठरत होता, दुसऱ्या बाजूने विद्यार्थ्याचा. परीक्षकाला दोहोंतील भेद कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. आजींचा सल्ला मायेपोटी आलेला होता आणि व्यवहारदृष्ट्या तो चुकीचाही नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परवाना न मिळाल्यास पुन्हा शुल्क, पुन्हा चित्रीकरण, कदाचित नोकरीचे एक वर्ष हातचे जाणार होते.

नातीने सुरुवात २० मिनिटे २५ सेकंदांवर धरली. ‘तक्त्यात हे कोठे दिसते?’ या प्रश्नाच्या एक सेकंद आधी. शेवट ३० मिनिटे २३ सेकंदांवर. एकूण ९ मिनिटे ५८ सेकंद. मुलाचे मूळचे वाक्य गेले, पण फळ्याशी उभा राहून तो तेच पुन्हा म्हणत होता, म्हणून त्याचे फारसे नुकसान नव्हते. नऊ सेकंदांची शांतता आत आली.

पुढचे काम यंत्राचे, परंतु तेही वाटते तितके सरळ नसते. ज्यांच्या घरी नातवंडांच्या स्नेहसंमेलनाच्या फिती फोनमध्ये साठून जागा संपते, त्यांना याचा उपयोग होईल.

नातीच्या फोनने घेतलेली फीत मिनिटाला सुमारे १३० एमबी जागा घेत होती. ४४ मिनिटांची तासिका म्हणजे ५,७२० एमबी, आणि त्यातील दहा मिनिटे म्हणजे १,३०० एमबी. पाठवण्याची मर्यादा एका फाइलीस ५०० एमबी. म्हणजे आधी कापणे, मग आकार घटविणे, हे दोन्ही आवश्यक होते, आणि याच क्रमाने. आधी साऱ्या तासिकेचा आकार घटवून मग कापले तर जे फेकून द्यावयाचे त्यावरही संगणकाचा तासभर खर्च होतो. फोनवरील मूळ फाइलीस हात लावावयाचा नाही, तिची प्रत संगणकावर घ्यावयाची, आणि तीही तारेने जोडून. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठविण्याचा सोपा मार्ग अनेकजण पत्करतात, पण ते वाटेतच फितीचा आकार आपल्या मर्जीने घटविते, आणि गेलेला तपशील परत मिळत नाही.

पहिल्या प्रयत्नात एक विचित्र गोष्ट घडली. तिने साध्या कापणीच्या साधनाने २०:२५ ते ३०:२३ असा भाग काढला, आणि हाती आलेली फीत १० मिनिटे २ सेकंदांची निघाली. चार सेकंद कोठून आले? याचे उत्तर चित्रफीत साठविण्याच्या पद्धतीत आहे. सेकंदाला तीस चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठविले जात नाही. दर काही सेकंदांनी एक चित्र पूर्ण लिहिले जाते, आणि मधल्या चित्रांसाठी केवळ बदल काय झाला तेवढाच लिहिला जातो. खतावणीत आरंभीची शिल्लक एकदा लिहून पुढे फक्त जमा-नावे नोंदी याव्यात, तसेच हे. मधल्याच एखाद्या नोंदीपासून उतारा सुरू केला तर आकडा जुळत नाही, मागे जाऊन शिल्लक पकडावी लागते. जे साधन फीत नव्याने न लिहिता नुसती कापते, ते असेच मागे सरकून जवळच्या पूर्ण चित्रापासून सुरुवात करते. दहा मिनिटांच्या मर्यादेत ते दोन सेकंद परवडणारे नव्हते. म्हणून कापणे आणि आकार घटविणे ही दोन्ही कामे तिने हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी केली. ते सारी फीत नव्याने लिहिते, त्यामुळे सुरुवात हव्या त्या सेकंदाला होते. तशी फीत बरोबर ९:५८ ची आली.

आकार घटविताना प्रथम ती घाबरून फार खाली गेली. चित्र लहान केले, आवाजही घटविला, आणि ९० एमबीची फाइल तयार झाली. ती झटकन गेली असती. पण फळ्यावरील १३.८ हा १३.६ आहे की १३.८, हे कळेना. ज्या आकड्यावर मुलाचे बोट होते तोच पुसट. मागच्या गटातील मुलांचे बोलणे पाण्याखालून यावे तसे येऊ लागले.

येथे थोडे गणित केले की भीती जाते. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. चित्रासाठी सेकंदाला ४ मेगाबिट ठेवले तर २,४०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट म्हणून ३०० एमबी. आवाजासाठी सेकंदाला १६० किलोबिट ठेवले तर साऱ्या दहा मिनिटांचे मिळून १२ एमबी. दोन्ही मिळून ३१२, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. आवाजात काटकसर करून वाचते ते दहा एमबीच्या आतबाहेर, आणि जाते ते मुलांचे बोलणे. परीक्षक जे तपासतो ते बहुतांशी या बोलण्यातच असते. तेव्हा काटकसर चित्रात करावी, आवाजात करू नये. चित्राची उंची १०८० ओळींवरून ७२० वर आणली तरी फळ्यावरील मोठे आकडे वाचता येतात. कॅमेरा तिपाईवर असला तर आणखी लाभ होतो. भिंत, फळा, खिडकी जागच्या जागी राहतात, त्यांचा ‘बदल’ लिहावाच लागत नाही, आणि सारी जागा हलणाऱ्या मुलांसाठी उरते. हातात धरून घेतलेल्या फितीत सारी खोलीच थरथरत असते. तेवढ्याच एमबीत ती फीत अधिक पुसट दिसते.

दुसरी फाइल ३१० एमबीच्या आसपास आली. घरच्या जोडणीवरून ती चढावयास आठ-नऊ मिनिटे लागणार होती. पाठविण्यापूर्वी तिने ती आरंभापासून अंतापर्यंत एकदा ऐकली, आणि बरे झाले. बसच्या घोषणेखाली एका मुलीचे वाक्य बुडाले होते, ‘तिन्हींची सरासरी काढू या.’ पुढची सारी दिशा त्या वाक्याने ठरली होती. ऐकू न येणारे शब्द चित्राखाली लिहिण्याची मुभा नियमात आहे, त्यास संपादन समजत नाहीत. तिने ते शब्दही न गाळता खाली लिहिले आणि फाइल पुन्हा तयार केली.

लेखी भाष्यात, फितीतील ०:२५ ते ०:३४ या नऊ सेकंदांविषयी तिने काही लपविले नाही. मुलाने दाखविलेला पुरावा अनपेक्षित होता, पुढे काय विचारावे हे ठरविण्यास वेळ लागला, आणि प्रश्न त्याच्या बोट ठेवण्यातून सुचला, असे लिहिले. पुन्हा शिकवावयाचे झाल्यास प्रत्येक मोजमाप आरंभीच तीन वेळा घेईन, असेही लिहिले. अध्यापनाच्या भागात पाच निकष असतात आणि त्यांतील शेवटचा, आपल्या अध्यापनाचे स्वतः विश्लेषण करणे, हा नेमका यासाठीच आहे. आजींच्या काळच्या निरीक्षण वहीत अशा कबुलीला रकाना नव्हता. तो असता तर पावसाच्या त्या पाठाखाली काय लिहिले गेले असते, याचा विचार आजींनी त्या आठवड्यात केला असावा, कारण पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन विचारले, ‘‘गेली का ती शांत उभी असलेली फीत?’’

गेली होती. काही आठवड्यांनी निकालही आला. ती उत्तीर्ण झाली. गुण फार थोर नव्हते, फार कमीही नव्हते. त्या नऊ सेकंदांचे गुण वाढले की घटले हे कळण्याची सोय गुणपत्रिकेत नाही.

एवढ्या परिश्रमांनंतर एक गोष्ट सांगणे भाग आहे. पुढच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी ही परीक्षा सक्तीची ठेवली नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये, न्यूयॉर्क आणि खुद्द न्यू जर्सीने २०२२ मध्ये ती अट काढून टाकली. ३०० डॉलरांचा भार, शिक्षकांची वाढती टंचाई, आणि वीस मिनिटांच्या फितीवरून माणूस पारखण्याविषयीची शंका, अशी कारणे त्यामागे सांगितली गेली. त्या शंकेत तथ्य आहे. परंतु उमेदवाराने स्वतःचा पाठ पुन्हापुन्हा पाहावा आणि त्यातील कोणती मिनिटे दाखवावी याचा विचार करावा, एवढा भाग गेला तर ते नुकसानच म्हणावे लागेल. नात सांगते की विद्यापीठातील चार वर्षांत तिने स्वतःला शिकविताना इतके कधी पाहिले नव्हते, आणि पहिल्या दिवशी तर तिला आपला आवाजच सहन होत नव्हता.

लंबकाची गोष्ट मात्र त्या फितीबरोबर संपली नाही. मे महिन्यात तो मुलगा शाळेच्या जिन्यात चार मीटर लांबीची दोरी आणि पाच चकत्या घेऊन आला. वरच्या कठड्यास त्याने ती बांधली आणि खाली उभा राहून दहा झोके मोजले. तीन वेळा. ४०.३, ३९.९ आणि ४०.१ सेकंद. नात वरच्या पायरीवर उभी होती, कॅमेरा वर्गातल्या कपाटात होता. जिन्यावरून येणारी-जाणारी मुले दोरीला धक्का लावू लागली, म्हणून चौथे मोजमाप त्याने अर्ध्यावर सोडले, आणि वहीत आकड्याच्या जागी तसे लिहून ठेवले.